आजीची पुतळ्यांची माळ

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी आमच्या सोलापूरच्या वाड्यात चौरंगावर दागिने मांडण्याची रीत आहे. माझ्या लहानपणी त्या चौरंगावर एक जागा रिकामी ठेवीत. ती आजीच्या पुतळ्यांच्या माळेची. आषाढीला पंढरपुरास जाताना आजोबांनी ती एका ओळखीच्या सावकाराकडे ठेवली आणि नेमकी त्याच्याकडेच चोरी झाली. "माझेही गेले, तुमचेही गेले," एवढेच तो म्हणाला. आजी त्यावर जन्मभर काही बोलली नाही.

पुढे इतिहास वाचू लागलो, तेव्हा कळले की सावकाराच्या उत्तराला फार जुना आधार आहे. राजाने नेलेली, दैवाने नासलेली वा चोरांनी पळवलेली ठेव भरून देण्याचे कारण नाही, असे याज्ञवल्क्यस्मृती सांगते. मात्र मालकाने मागूनही ती दिली नाही आणि मग गेली, तर भरपाई द्यायची आणि वर तेवढाच दंड! याच स्मृतीवर विज्ञानेश्वराने 'मिताक्षरा' लिहिली, आणि तीही दूर काशीस नव्हे. आपल्या सोलापूरहून हैदराबादकडे जाताना लागणाऱ्या कल्याणीस, चालुक्य विक्रमादित्य सहावा याच्या राजधानीत.

तीच स्मृती आणखी एक गोष्ट सांगते. दुष्काळ, धर्मकार्य, आजारपण आणि बंदिवास या प्रसंगी नवऱ्याने घेतलेले स्त्रीधन त्याने परत केलेच पाहिजे असे नाही. म्हणजे बाईच्या अंगावरचा दागिना हाच घराचा विमा! मग त्या विम्याचा विमा कोणी उतरवायचा?

सर दोराबजी टाटांनी १९१९ साली 'न्यू इंडिया' ही विमा कंपनी काढली. १९७३ साली देशातल्या १०७ सर्वसाधारण विमा कंपन्या सरकारने ताब्यात घेऊन त्यांच्या चार केल्या. तरी आम्ही मध्यमवर्गीय मंडळी बँकेच्या लॉकरवर विसंबून राहिलो. त्या लॉकरचा नियम आता वाचण्यासारखा आहे. १ जानेवारी २०२२ पासून आग, चोरी किंवा नोकरांची लबाडी यांमुळे ऐवज गेला, तर बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभरपट. भाडे दोन हजार असेल, तर दोन लाख. भूकंप-महापुरात गेला आणि बँकेची हयगय नसेल, तर काहीच नाही. याज्ञवल्क्याचे 'दैव' अजून कायद्यात नांदते आहे!

घराच्या विम्याचेही तसेच. २०२१ सालापासूनची 'भारत गृह रक्षा' पॉलिसी घर आणि सामान सांभाळते. दागिने मात्र वेगळे सांगून, किंमत आधी ठरवून घालावे लागतात. शिवाय तिच्यातली चोरी म्हणजे आग-पुरासारख्या आपत्तीनंतर सात दिवसांत झालेली. साध्या घरफोडीसाठी निराळे संरक्षण मागावे लागते. हे न वाचता सही करणारा गृहस्थ माझ्या आजोबांइतकाच भोळा!

यंदा मी आणि सूनबाई सराफाकडे जाऊन आलो. प्रत्येक डागाचे वजन, कस आणि किंमत लिहून घेतली, फोटो काढले. रात्री नात यादी उतरवीत होती. तिने विचारले, "आजोबा, त्या माळेत पुतळ्या किती होत्या?"

मला सांगता येईना. ते फक्त आजीला ठाऊक होते आणि तिला कोणी कधी विचारलेच नव्हते.

या लक्ष्मीपूजनाला चौरंगावर दागिन्यांशेजारी ती यादीही मांडणार आहोत.