होनाजीची भूपाळी

जीर्णोद्धारानंतर आपल्या देवळात पुन्हा काकडा सुरू होईल. काकडा म्हणजे कापडाची पिळून केलेली जाड वात. बहुतेक गावांत कोजागरीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत ती पहाटे पेटते, आणि देवाला जागे करण्यासाठी भूपाळ्या म्हटल्या जातात. समर्थ रामदासांनी भूपाळ्या रचल्या, इतर संतांच्या नावावरही आहेत. परंतु घरोघरी पोचलेली ‘घनश्याम सुंदरा’ ही भूपाळी संताची नव्हे. ती होनाजी शिलारखाने या पुण्याच्या लावणीकार शाहिराची आहे.

होनाजी जातीने गवळी. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात (१७९६–१८१८) त्याला पेशव्यांचा आश्रय होता. तो रची आणि त्याचा साथी बाळा करंजकर गाई, म्हणून फडाचे नाव ‘होनाजी बाळा’ पडले. त्याने लावणीला रागदारीची जोड दिली. तमाशाच्या फडावरचा शाहीर देवळात कसा, असे कोणी विचारील. त्याला भूपाळीच उत्तर देते. तीत शास्त्रचर्चा नाही. गाई हंबरतात, वासरे आचळांकडे पाहतात, धार काढायची वेळ झाली आहे. रात्री झाडावर जमलेली पाखरे चरायला उडाली, कावडीवाले तीर्थाच्या वाटेला लागले, सडासंमार्जन करून गोपी घागरी घेऊन यमुनेला निघाल्या. ही गवळीवाड्यातली पहाट आहे. ज्याच्या घरी दुधाचा धंदा, त्यालाच ती अशी दिसायची! देवाला उठवायचे ते घरच्या पोराला उठवावे तसे, कारण कामे खोळंबली आहेत. शेवटी होनाजी स्वतःचे नाव घालतो. ज्या शाहिराला प्रतिष्ठितांनी नाके मुरडली असतील, त्याचे नाव देवापुढे रोज उच्चारले जाते.

व्ही. शांताराम यांच्या ‘अमर भूपाळी’ (१९५१) या चित्रपटाने ही रचना सर्वदूर नेली. संगीत वसंत देसाई यांचे, गायन पंडितराव नगरकर व लता मंगेशकर यांचे. १९५२ साली कान येथील महोत्सवात चित्रपटाच्या ध्वनिमुद्रणाचा गौरव झाला. जाता जाता एक गंमत : हिंदुस्थानी संगीतात भूप हा रात्रीच्या पहिल्या प्रहराचा राग, त्याच पाच सुरांचा सकाळचा राग देशकार.

आता कर्ण्यावर ध्वनिमुद्रिका लावली की काकडा झाला, असे पुष्कळ ठिकाणी होते. गाणे गोड आहे, पण देवळात कोणी उठून आलेले नसते. भूपाळीच्या जुन्या चाली येणारी वडीलधारी मंडळी गावात अजून आहेत. नव्या सभामंडपात पहिल्या दिवशी त्यांना पुढे बसवावे, शेजारी शाळेतली मुले बसवावीत, आणि कर्णा तेवढा वेळ बंद ठेवावा, अशी विनंती आहे.