प्रभात भारी की हंस?

पुणे-बंगळूर रस्त्याने बेळगाव मागे टाकून दक्षिणेकडे गेले की धारवाडच्या अलीकडे बेलूरची औद्योगिक वसाहत लागते आणि थोड्या वेळाने हुबळी. मराठी सिनेमाच्या इतिहासात या पट्ट्याचे नाव सहसा निघत नाही. पण शंभर वर्षांपूर्वी हा सगळा भाग मुंबई इलाख्यात होता. हुबळीत रेल्वेचा मोठा कारखाना होता आणि मराठी नाटक मंडळ्यांचे तिथे नेहमी मुक्काम पडत. केशवराव भोसल्यांनी ललितकलादर्श ही मंडळी १९०८ साली उभी केली तीही हुबळीतच. याच गावात शांताराम राजाराम वणकुद्रे नावाचा कोल्हापूरचा एक पोरगा दिवसा रेल्वेच्या कारखान्यात उमेदवारी करी आणि संध्याकाळी पत्र्याच्या शेडमधल्या सिनेमागृहात पडेल ते काम करी. पुढे महिना पाच रुपयांवर त्याला दारावर उभे राहण्याची बढती मिळाली. फाळक्यांचे चित्रपट त्याने पाहिले ते तिथे. दारावरच्या माणसाला पडदा दिसतो तसे प्रेक्षकांचे चेहरेही दिसतात. कारखान्यात हत्याराची सवय झाली आणि दारावर प्रेक्षकाची. व्ही. शांताराम यांचे पुढचे सगळे काम या दोन सवयींवर चालले, असे म्हणायला हरकत नाही.

आजची पोरे पिक्सार चांगला की ड्रीमवर्क्स यावर तासन्‌तास भांडतात. एकाची गोष्ट घट्ट, दुसऱ्याचा विनोद तिखट. एक जण वर्षानुवर्षे एकाच चित्रपटावर बसून राहतो, दुसरा सपाट्याने पडद्यावर येतो. १९९८ साली दोघांनीही मुंग्यांवरचे चित्रपट काढले तेव्हा तर या तुलनेला ऊत आला. मराठी मुलखाला हा वाद नवा नाही. १९३०च्या दशकात कोल्हापूर आणि पुण्यात निदान पाच चित्रसंस्था एकमेकींच्या माणसांवर, लेखकांवर आणि प्रेक्षकांवर नजर ठेवून होत्या, आणि चहाच्या दुकानातला प्रश्न तोच होता: कोण सरस?

या सगळ्यांचे मूळ एकच, बाबूराव पेंटर. कोल्हापूरच्या या सुतार-चित्रकाराने परदेशी कॅमेरा पाहून स्वतःचा कॅमेरा घडवला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली. १९२० साली त्यांची ‘सैरंध्री’ पुण्याच्या आर्यन सिनेमात लागली. लोकमान्य टिळकांनी ती पाहून बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ म्हटले. ‘सैरंध्री’तला कीचकवध इतका खरा वाटला की सेन्सॉरची कात्री त्यावर पडली. १९२५ च्या ‘सावकारी पाश’मध्ये कर्जात बुडालेला शेतकरी पडद्यावर आला, आणि त्यातला तरुण शेतकरी होता हुबळीहून परतलेला शांताराम. मावसभाऊ बाबूराव पेंढारकर यांच्या ओळखीने तो १९२० च्या सुमारास कंपनीत शिरला होता.

पेंटरांच्या कंपनीची ताकद आणि दुबळेपणा या दोन्हींचा पत्ता एकच होता. सगळे काही एका माणसाच्या डोक्यात. वेशभूषा, नेपथ्य, प्रकाश, चेहऱ्यावरचा भाव, रस्त्यावर लावायचे भित्तिचित्रसुद्धा बाबूराव स्वतः रंगवत. मनासारखे झाले नाही तर काम थांबे, आणि मनासारखे कधी होईल ते कुणालाच ठाऊक नसे. कामगारांच्या पगाराला ही वाट पाहणे परवडत नाही. त्यांच्या हाताखाली तयार झालेली माणसे हळूहळू अस्वस्थ होत गेली.

१ जून १९२९ रोजी कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी निघाली. शांताराम, विष्णुपंत दामले, साहेबमामा फत्तेलाल आणि केशवराव धायबर हे चौघे पेंटरांचेच शागीर्द; पाचवे सीतारामपंत कुलकर्णी, पेशाने सराफ, त्यांनी भांडवल घातले. पेंटरांच्या कंपनीत जे एका डोक्यात होते ते प्रभातने पाच जणांत वाटून टाकले. फत्तेलालांकडे नेपथ्य, दामल्यांकडे यंत्रे आणि पुढे आवाज, धायबरांकडे कॅमेरा, शांतारामांकडे दिग्दर्शन, कुलकर्ण्यांकडे तिजोरी. ही वाटणी फार मोलाची ठरली. १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’ बोलला तेव्हा तो मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांत बोलला. आवाज पकडण्याचे यंत्र हाताळायला मुंबईहून कुणाला बोलवावे लागले नाही. दामलेमामांनी ते स्वतः शिकून घेतले होते.

१९३३ मध्ये प्रभातने बिऱ्हाड पुण्याला हलवले. तिथे उभ्या राहिलेल्या वास्तूत प्रयोगशाळा, ध्वनिविभाग, सुतारशाळा, रंगकामाची जागा, पाण्यातल्या दृश्यांसाठी हौद, सगळे एका आवारात होते. कलावंत महिन्याच्या पगारावर होते, त्यांनी वेळेवर यायचे आणि काम नसेल तरी हजर राहायचे. कारखान्याचा भोंगाच तेवढा नव्हता. ही शिस्त कुणाला जाचे, कुणाला मानवे. १९३९ साली शांता आपटे यांनी करारावरून वाद झाल्यावर स्टुडिओच्या फाटकापाशीच उपोषण मांडले, तेव्हा या पगारी व्यवस्थेची दुसरी बाजू साऱ्या वर्तमानपत्रांत आली.

पण या व्यवस्थेतून निघाले काय ते पाहा. ‘सैरंध्री’ची नवी आवृत्ती प्रभातने रंगीत करायचा घाट घातला, त्यासाठी प्रती जर्मनीत केल्या. रंग काही नीट उतरले नाहीत आणि पैसे गेले. दुसऱ्या एखाद्या संस्थेचे कंबरडे तिथेच मोडले असते. प्रभातने पुढच्याच वर्षी, १९३४ मध्ये, ‘अमृतमंथन’ काढला. त्यात चंद्रमोहन यांचा एक डोळा टेलिफोटो भिंगातून अख्खा पडदा व्यापतो आणि प्रेक्षक खुर्चीला खिळून राहतो. एक प्रयोग फसला तर दुसऱ्याला हात घालण्याची ऐपत असणे, हीच प्रभातची खरी श्रीमंती.

त्याच १९३४ साली प्रभातच्या नावावर आणखी एक छोटी नोंद आहे. रघुनाथ केळकर यांनी ‘जंबूकाका’ हा व्यंगचित्रपट प्रभातसाठी केला. त्याच वर्षी कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सने ‘पी ब्रदर्स’ नावाचे चलच्चित्र काढले. म्हणजे हाताने काढलेल्या चित्रांना हलवण्याच्या बाबतीतही दोन बड्या संस्था एकाच वर्षी आखाड्यात उतरल्या होत्या. त्याआधी फाळक्यांनी १९१५ मध्ये ‘आगकाड्यांची मौज’मध्ये काडेपेटीतल्या काड्या नाचवल्या होत्याच. दोन्ही संस्थांनी पुढे हा धंदा वाढवला नाही. कारण उघड आहे: सेकंदाला चोवीस चित्रे काढणारे हात पगारावर ठेवायचे आणि त्यातून निघणार दहा मिनिटांची गंमत, तीही मुख्य चित्रपटाआधी फुकट दाखवायची. हिशेबात ते बसणारे नव्हते. मात्र चमत्कार घडवण्याची प्रभातची हौस भागली ती संतपटांत. १९३६ च्या ‘संत तुकाराम’मध्ये शत्रू शिवाजी महाराजांना धरायला येतो आणि जिकडेतिकडे महाराजच दिसू लागतात, शेवटी तुकोबांना न्यायला विमान उतरते. १९४० च्या ‘संत ज्ञानेश्वर’मध्ये भिंत चालते. संगणक नसताना कॅमेरा, काच, दोरी आणि दुहेरी छपाई यांवर केलेली ही कामे आजही हास्यास्पद वाटत नाहीत, आणि त्याचे श्रेय यंत्राइतकेच संयमाला आहे. दामले-फत्तेलाल चमत्कार दाखवतात तेव्हाही त्यांचा कॅमेरा गावकऱ्याच्या घरातून फार लांब जात नाही. तुकोबांची बायको जिजाई ज्या गौरीबाईंनी साकारली त्यांच्या तोंडची बोली ऐकली की विमान खरे वाटायला लागते.

‘संत तुकाराम’ मुंबईच्या सेंट्रल सिनेमात ५७ आठवडे चालला आणि १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला. शांताराम आठवले यांनी या चित्रपटासाठी लिहिलेला एक अभंग तर लोकांनी तुकोबांचाच समजून म्हणायला सुरुवात केली. कवीला याहून मोठी दाद मिळत नाही, अन् याहून मोठा अन्यायही होत नाही.

प्रभात पुण्याला गेल्यावर कोल्हापूर रिकामे पडायला नको म्हणून राजाराम महाराजांच्या दरबाराने हात पुढे केला. १९३३ मध्ये कोल्हापूर सिनेटोन निघाली. भालजी पेंढारकरांचा ‘आकाशवाणी’ आणि मामा वरेरकरांच्या लेखणीतून उतरलेला, मास्टर विनायकांनी दिग्दर्शित केलेला ‘विलासी ईश्वर’ हे तिचे सुरुवातीचे चित्रपट. शालिनी सिनेटोनलाही राजघराण्याचाच आधार. तिथे बाबूराव पेंटर पुन्हा दिग्दर्शनाला उभे राहिले. राजाश्रयात जागा, इमारत, यंत्रे झटपट मिळतात. पण धंद्याचे निर्णय दरबारी पद्धतीने व्हायला लागले की कलावंतांचा जीव रमत नाही. कोल्हापूर सिनेटोनमधली कर्तबगार मंडळी तीन वर्षांच्या आत बाहेर पडली.

बाहेर पडून त्यांनी काढली हंस पिक्चर्स. वर्ष १९३६. बाबूराव पेंढारकर, मास्टर विनायक आणि छायालेखक पांडुरंग नाईक असे तिघे. प्रभातच्या तुलनेत भांडवल किरकोळ. पण या तिघांनी एक गोष्ट ओळखली होती: प्रभातकडे नसलेले हत्यार म्हणजे समकालीन मराठी लेखक. पहिल्याच ‘छाया’ला कथा होती वि. स. खांडेकरांची. ‘धर्मवीर’ आचार्य अत्र्यांच्या लेखणीतला. ‘ब्रह्मचारी’ आणि ‘ब्रँडीची बाटली’ही त्यांचेच.  प्रभातनेही ना. ह. आपट्यांच्या कादंबरीवरून ‘कुंकू’ केला आणि विश्राम बेडेकरांकडून ‘शेजारी’ लिहून घेतला, पण तिथे लेखक हा पाच मालकांच्या घरात आलेला पाहुणा असे. हंसमध्ये तो घरचाच.

१९३८ च्या ‘ब्रह्मचारी’ने या फरकाचे प्रात्यक्षिक दाखवले. व्यायाम, ब्रह्मचर्य, संघटना यांच्या नावाने आवेश आणणाऱ्या तरुणाची टर उडवणारा तो चित्रपट. मीनाक्षी शिरोडकर पोहण्याच्या पोशाखात पडद्यावर आल्या आणि अर्ध्या महाराष्ट्राने नाक मुरडत तिकिटे काढली. दामुअण्णा मालवणकरांनी लोकांना हसवून बेजार केले. प्रभातच्या स्टुडिओत असा चित्रपट निघाला नसता. तिथली दृश्ये रेखीव होती, विषय गंभीर होते, पण आपल्याच प्रेक्षकाला आरशासमोर उभे करून त्याच्यावर खो खो हसण्याचा मोकळेपणा त्या आवारात नव्हता. प्रभातची आठवण काढताना मराठी माणूस जितका हळवा होतो, तितका हंसबद्दल होत नाही, हे न पटणारे आहे.

हंसचा दुबळेपणाही तितकाच ठळक. त्याच १९३८ साली त्यांनी ‘ज्वाला’ हा भव्य चित्रपट केला, प्रभातचे चंद्रमोहन आणले, खर्च हाताबाहेर गेला आणि चित्रपट कोसळला. प्रभातला रंगीत ‘सैरंध्री’ पचली, हंसला ‘ज्वाला’ पचली नाही. दोन वर्षांत हंसची माणसे नवयुग या नव्या मर्यादित कंपनीत गेली, तिथूनही फुटली, आणि विनायकांनी १९४३ मध्ये प्रफुल्ल पिक्चर्स काढली. वडिलांच्या मृत्यूनंतर घराचा भार अंगावर घेतलेली लता मंगेशकर नावाची मुलगी तिथे कामाला होती. १९४७ मध्ये विनायकांचे अकाली निधन झाले आणि तो धागा तुटला.

मराठी मुलखाबाहेरच्या स्पर्धकांकडे पाहिले तर न्यू थिएटर्सकडे संगीत होते. बॉम्बे टॉकीजकडे फ्रान्झ ऑस्टेनसारखे जर्मन तंत्रज्ञ आणि शहरी टापटीप होती. दोन्हींना हिंदी बाजारपेठ प्रभातइतकीच महत्त्वाची होती, त्यामुळे खरी झटापट तिकडे होई. कोल्हापूरच्या संस्था त्या शर्यतीत मागे राहिल्या.

प्रभातची पडझड मात्र कुठल्याच स्पर्धकाने केली नाही. जी भागीदारी तिचा कणा होती तिनेच तिला वाकवले. सगळे मालक सारख्या मानाचे, आणि त्यांतला एक जण देशभर नावाजलेला. शांतारामांनी ‘कुंकू’त पार्श्वसंगीत जवळजवळ काढून टाकले, ‘माणूस’मध्ये वेश्येला माणूस म्हणून उभे केले, ‘शेजारी’त हिंदू-मुसलमान मित्रांची गोष्ट धरण फुटण्यापर्यंत नेली. त्याच वेळी दामले-फत्तेलालांचे संतपट अधिक पैसे आणि अधिक मान मिळवत होते. एकाच छपराखाली दोन दिग्दर्शनशैली नांदत असणे प्रेक्षकासाठी चैन होती. मालकांच्या बैठकीत ती डोकेदुखी. धायबर आधीच गेले. १९४२ मध्ये शांताराम गेले. पाचांपैकी दोघे उठल्यावर घर तेच राहत नाही. १९४५ मध्ये दामलेमामा वारले. शेवटच्या वर्षांत प्रभातने गुरुदत्त आणि देव आनंद यांना कामावर घेतले, दोघांची मैत्री तिथेच जुळली. नव्या रक्ताची पारख होती, पण ते रक्त टिकवण्यापुरता पैसा उरला नव्हता. पन्नाशीच्या दशकात कंपनी बंद पडली, आणि १९६० मध्ये त्या आवारात सरकारची चित्रपट प्रशिक्षण संस्था सुरू झाली.

शांतारामांनी परळला राजकमल कलामंदिर उभे केले तेव्हा भागीदारीचा विषय पुन्हा काढला नाही. सगळी सूत्रे एकाच हातात. ‘शकुंतला’ १९४३ मध्ये धडाक्यात चालला. कॅमेऱ्याची, संकलनाची, आवाजाची चोख शिस्त तीच राहिली, पण पुढच्या काही चित्रपटांत जो भडकपणा आला तो प्रभातमध्ये फत्तेलालांनी बहुधा अडवला असता. दुसरीकडे भालजींनी कोल्हापूरची वास्तू घेतली, तिला जयप्रभा नाव दिले. १९४८ साली गांधीहत्येनंतरच्या दंगलीत स्टुडिओ जाळला गेला. ‘मीठ भाकर’ची तयार झालेली फिल्म त्यात गेली. भालजींनी कर्ज काढून तो चित्रपट नव्याने चित्रित केला, आणि पुढे कितीतरी वर्षे तिथे ऐतिहासिक आणि ग्रामीण चित्रपट होत राहिले. टिकाऊपणात जयप्रभाने सगळ्यांना मागे टाकले, यात शंका नाही. विषयांची विविधता मात्र तिथे आली नाही. भालजींना जे आवडे ते निघे, त्यांच्यापुरते ते पुरेसे होते.