मामा तलावाचा पाहुणा: गोंदियाच्या सारसाची गोष्ट

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, किंवा जे लोकलमध्ये इअरफोन विसरून आलेत, त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप.

2023 सालचा तो व्हिडिओ आठवतोय? उत्तर प्रदेशात अमेठीचा एक तरुण बाइकवरून चाललाय आणि त्याच्यासोबत एक भलामोठा पक्षी उडतोय. लाल डोकं, राखाडी अंग, लांबलचक पाय. तरुणाने त्या जखमी पक्ष्यावर उपचार केले होते आणि पक्षी त्याला सोडून जायलाच तयार नव्हता. पुढे वनखात्याने पक्षी ताब्यात घेतला, तो कानपूरच्या प्राणिसंग्रहालयात गेला आणि देशभर वाद पेटला. तो पक्षी म्हणजे सारस.

त्या वर्षीच्या गणनेत एकट्या उत्तर प्रदेशात 19 हजारांहून जास्त सारस मोजले गेले. आता आपल्या महाराष्ट्राचा आकडा सांगतो. गोंदिया जिल्ह्यात 31. शेजारच्या भंडाऱ्यात हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढे. बाकी राज्यात जवळपास शून्य. एसटीच्या एका बसमध्ये जेवढी माणसं बसतात, तेवढेही सारस अख्ख्या महाराष्ट्रात नाहीत.

मग प्रश्न पडतो की गोंदियातच का? राज्याच्या अगदी पूर्वेच्या टोकाला, मध्य प्रदेश आणि छत्तीसगडच्या सीमेवर असं काय आहे, जे इतर कुठे नाही? उत्तर शोधायला गेलो तर पक्ष्याची गोष्ट बाजूला राहते आणि माणसाची सुरू होते. फावडं, टोपली आणि मातीची गोष्ट.

आधी पाहुण्याची ओळख

सारस हा जगातला सगळ्यात उंच उडणारा पक्षी. उभा राहिला की साधारण सहा फूट, म्हणजे तुमच्या-माझ्यापेक्षा उंचच. पंख पसरले की आठ फुटांच्या आसपास. नर-मादीची जोडी वर्षानुवर्षं टिकते. दोघं मान वर करून एकत्र ओरडतात, तो आवाज शिवारभर जातो.

बादशहा जहांगीर या पक्ष्यावर फिदा होता. त्याने सारसाची एक जोडी पाळली होती आणि नावं ठेवली होती लैला आणि मजनू! त्यांनी घरटं कसं केलं, अंडी कुणी कधी उबवली, हे सगळं त्याने आपल्या आठवणींमध्ये लिहून ठेवलंय. चारशे वर्षांपूर्वीची पक्षिनिरीक्षणाची वहीच म्हणा ना. आणि वाल्मीकींच्या कथेत व्याधाने ज्याचा जोडीदार मारला तो क्रौंच पक्षी, तोही सारसच असावा असं काही अभ्यासक मानतात.

आपण सारसाला 'वन्य' पक्षी म्हणतो खरं, पण घनदाट जंगल त्याच्या कामाचं नाही. त्याला लागतं उथळ पाणी, चिखल, गवत, कंद, गोगलगायी, बेडूक आणि लांबपर्यंत दिसणारी मोकळी जागा. पूर्व विदर्भात अशी जागा माणसाने तयार केली होती.

मामा कुणाचा?

गोंदिया-भंडाऱ्याकडे 'मामा तलाव' हा शब्द रोज कानावर पडतो. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतं, कुणाच्या तरी मामाने बांधला असेल. खरं तर मामा म्हणजे 'माजी मालगुजारी'. सरकारी कागदावरच्या लांब नावाचं लोकांनी केलेलं हे शॉर्ट फॉर्म.

तलाव मात्र मालगुजारीपेक्षा जुने. चांद्याच्या गोंड राजांबद्दल असं सांगतात, की जो जंगल तोडून तलाव बांधेल, त्याला त्या पाण्याखाली भिजेल तेवढी जमीन मिळायची. या कामात पटाईत होता कोहळी समाज. जमिनीचा उतार डोळ्यांनी जोखायचा, दोन टेकड्यांच्या मधली नेमकी जागा हेरायची, मातीची पाळ घालायची आणि खाली धान, ऊस पिकवायचा. 1916 साली रसेल आणि हिरालाल यांनी मध्य प्रांतातल्या जातीजमातींवर जो मोठा ग्रंथ काढला, त्यातही कोहळ्यांची ओळख तलाव बांधणारे अशीच आहे.

यातला सगळ्यात नावाजलेला तलाव म्हणजे नवेगावबांध. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी तो बांधला असं सांगितलं जातं. पाणी जवळपास 11 चौरस किलोमीटरवर पसरलेलं आणि भोवती सात टेकड्या, ज्यांना लोक 'सातबहिणी' म्हणतात. मारुती चितमपल्ली वनाधिकारी म्हणून इथेच राहिले, इथल्या माधवराव पाटील डोंगरवारांकडून जंगल शिकले आणि 'नवेगावबांधचे दिवस' लिहिलं. 2025 मध्ये चितमपल्ली गेले. मराठीला पक्ष्यांची भाषा देणाऱ्या माणसाची शाळाही एका मानवनिर्मित तलावाच्या काठी भरली होती, हे लक्षात ठेवा.

असे किती तलाव? पूर्व विदर्भात मिळून साडेसहा हजारांहून जास्त. एकट्या गोंदिया जिल्ह्यात हजाराच्या वर. शिवाय शेतातल्या छोट्या बोड्या वेगळ्याच.

या तलावांची रचना समजून घ्या, कारण सारसाचं जगणं त्यातच आहे. एका बाजूला मातीची पाळ. पाणी सोडायला तुडूम. जादा पाणी वाहून जायला सलंग. समोरच्या बाजूला मात्र भिंत नाही, जमीन हळूहळू चढत जाते. त्यामुळे तिथे पाणी घोट्याएवढं, मग गुडघ्याएवढं. याच उथळ पट्ट्यात देवधान, म्हणजे जंगली भात, उगवतो. कमळ, कंद, लव्हाळा वाढतो. मासे तिथेच अंडी घालतात. आणि लांब पायांचा सारस नेमका तिथेच चरतो. सिमेंटच्या धरणाला हा काठ नसतो.

घड्याळाशी शर्यत

आता पावसाळ्यात या. जुलैमध्ये रोवणी सुरू होते, बांध्या पाण्याने भरतात. सारसाची जोडी एखाद्या बांधीत किंवा तलावाच्या काठावर गवत, धानाच्या काड्या ओढून मोठा ढीग रचते. वर अंडी, बहुतेक वेळा दोन. महिनाभर दोघं आळीपाळीने बसतात. एक बसला की दुसरा पहाऱ्यावर.

या महिन्यात काय काय होऊ शकतं? जोराचा पाऊस आला तर घरटं बुडतं. पाऊस लांबला तर भोवतालचं पाणी आटतं आणि कुत्री, कोल्हे चालत घरट्यापर्यंत पोचतात. कावळे टपलेले असतात. कुणी अंडी उचलून नेतं, कुणी रागाने फोडतं.

समजा पिल्लू बाहेर आलं. तरी त्याला उडता यायला साधारण तीन महिने लागतात. गणित करून बघा. जुलै-ऑगस्टमध्ये अंडं, सप्टेंबरच्या सुमारास पिल्लू, आणि उडेपर्यंत नोव्हेंबर-डिसेंबर. इकडे हलका धान दिवाळीच्या आसपास कापायला येतो, भारी धान त्यानंतर. म्हणजे पिल्लाला अजून उडता येत नाही आणि त्याची लपायची जागा विळ्याखाली जाते. धान आणि सारस दोघंही एकाच पावसावर वाढतात. फरक एवढाच की धान थोडा आधी तयार होतो.

आणि शेतकऱ्याच्या बाजूनेही बघा. एवढा मोठा ढीग रचायला धान उपटला जातो, आजूबाजूचा तुडवला जातो. ज्याच्याकडे दोन-तीन एकरच आहे, त्याला तो कोपरा दिसतोच. पक्षी देखणा आहे म्हणून त्याचं पोतं भरत नाही.

मामा 'माजी' झाला, मग काय झालं?

हा भाग तेव्हा मध्य प्रदेशात होता. 1950 च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि 1951 पासून तलाव सरकारकडे गेले. मालगुजारी जाणं हे चांगलंच झालं, त्यात जुलूमही होताच. पण एक बारीक गोष्ट निसटली. तलावाचा गाळ कुणी काढायचा, पाळ कुणी दुरुस्त करायची, पाणी आधी कुणाला द्यायचं, याची गावातली जुनी घडी होती. ती विस्कटली आणि तिच्या जागी नवी घडी नीट बसलीच नाही.

गाळ साचला. काठावर अतिक्रमण झालं. बेशरमाची झुडपं माजली आणि देशी वनस्पतींची जागा त्यांनी घेतली. मासेमारीसाठी झटपट वाढणाऱ्या माशांचं बीज सोडलं गेलं, त्यातले काही मासे पाणवनस्पतीच फस्त करणारे. शेतात कीटकनाशकं आली, तणनाशकं आली. आणि शिवारावरून विजेच्या तारा गेल्या. आठ फूट पंखांचा जड पक्षी झटकन वळू शकत नाही. तारांना धडकून सारस मेल्याच्या घटना गोंदियात घडल्या आहेत.

आता वाघाशी तुलना करून बघा. याच जिल्ह्यात नागझिरा आहे. डिसेंबर 2013 मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प जाहीर झाला. वाघ कमी पडले म्हणून मे 2023 मध्ये बाहेरून दोन वाघिणी आणून सोडल्या. वाघासाठी सीमा आखता येते, गेट लावता येतं, सफारीचं तिकीट फाडता येतं. सारस राहतो सातबाऱ्यावर. त्याच्या घराला रोज वेगळा मालक, वेगळं पीक, वेगळी फवारणी. त्याला वाचवायचं तर गेट कुठे लावणार?

बांधावरची माणसं

या शतकाच्या सुरुवातीला गोंदियात सारस अगदी मोजके उरले होते. तेव्हा 'सेवा' या स्थानिक संस्थेच्या कार्यकर्त्यांनी साधी गोष्ट केली. घरटं ज्याच्या शेतात, त्याच्या घरी जायचं. चहा प्यायचा, बोलायचं. हा पक्षी पिकातले किडे, गोगलगायी खातो, हे सांगायचं. घरटं सापडलं की पिल्लू उडेपर्यंत लक्ष ठेवायचं. गावातलीच पोरं राखणदार झाली. परसवाडा, झिलमिली ही तलावांची नावं पक्षिप्रेमींच्या नकाशावर आली. दर जूनमध्ये पहाटे टोळ्या निघू लागल्या आणि वैनगंगा, बाघ नद्यांच्या दोन्ही काठांवर, मध्य प्रदेशातल्या बालाघाटपर्यंत, एकाच वेळी गणना होऊ लागली. सारसाला राज्याची सीमा कळत नाही, म्हणून मोजणाऱ्यांनीही ती बाजूला ठेवली.

तिकडे अर्जुनी मोरगावकडे ढीवर समाजातल्या बायका तलावात उतरल्या. बेशरम उपटलं, देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्या. त्यांना मासे हवे होते. पण माशांसाठी नीट केलेला काठ पक्ष्यांच्याही उपयोगाचा असतो.

संख्या वाढली. 2020 च्या गणनेत गोंदियात 45 सारस होते. वाटलं, जिंकलो. आणि मग आकडा पुन्हा खाली येऊ लागला. 2021 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने वर्तमानपत्रातल्या बातमीवरून स्वतःहून जनहित याचिका दाखल करून घेतली. जिल्हा पातळीवर सारस संवर्धन समित्या झाल्या, तारांचा, तलावांचा, कीटकनाशकांचा विषय कोर्टासमोर आला. तरीही 2023 चा आकडा तो, सुरुवातीला सांगितलेला: 31.

यात एक फसवी गोष्ट आहे. सारस दीर्घायुषी पक्षी आहे. म्हातारी जोडी वर्षानुवर्षं त्याच तलावावर दिसत राहते आणि आपल्याला वाटतं, सगळं ठीक चाललंय. पण दरवर्षी पिल्लं उडालीच नाहीत, तर ते गाव म्हाताऱ्यांचंच होत जातं. मुलं शहरात गेलेल्या आपल्या कितीतरी गावांसारखं. एक दिवस कुलूप लागतं. भरतपूरला हिवाळ्यात येणारे सायबेरियन क्रौंच असेच कमी कमी होत गेले आणि 2002 नंतर आलेच नाहीत. म्हणून एकूण सारस किती, यापेक्षा यंदा पिल्लं किती उडाली, हा प्रश्न जास्त महत्त्वाचा.

शेवटी

मला या गोष्टीत एक गोष्ट फार लागते. 'निसर्ग वाचवायचा म्हणजे माणसाला बाहेर काढायचं' असं आपण पटकन म्हणतो. गोंदियाचा सारस याला तयार नाही. माणूस गेला, धान गेला, तलाव फुटला, तर सारसही जाईल. त्याला माणूस हवाय, पण पाळ सांभाळणारा, काठ मोकळा सोडणारा, एक कोपरा उशिरा कापणारा. आणि त्या कोपऱ्याची भरपाई एकट्या शेतकऱ्याच्या खिशातून होऊ नये. एवढी जबाबदारी आपण बाकीचे घेऊ शकतो.

तुमच्यापैकी कुणी गोंदियाला गेलात, तर पहाटे जा आणि लांबूनच बघा. घरट्याजवळ जाऊ नका, ड्रोन उडवू नका आणि फोटो टाकलात तर लोकेशन टाकू नका. आणि त्या गावात कुणाच्या अंगणात चहा मिळाला, तर विचारा, "काका, यंदा पिल्लू उडालं का?"

त्यांचं उत्तर आम्हालाही कळवा. भेटू पुढच्या भागात. तोवर ऐकत राहा!