तोंड मोकळे ठेवणारी वाद्ये

रस्त्यावरच्या गायक-वादकाच्या हाती कोणते वाद्य आहे, यावर त्याच्या वाङ्मयाचे स्वरूप पुष्कळसे ठरते. आपल्या साहित्येतिहासांनी या गोष्टीची म्हणावी तशी दखल घेतलेली नाही.

जपानचे उदाहरण बोलके आहे. तिथे फुके पंथाचे कोमुसो भिक्षू डोक्यावर विणलेली टोपली पालथी घालून, चेहरा झाकून, शाकुहाची ही बांबूची बासरी वाजवीत भिक्षा मागत. वाद्यच ओठांशी असल्यामुळे शब्दाला वाव नव्हता. मेइजी शासनाने १८७१ मध्ये हा पंथ बंद केला. मागे राहिल्या त्या सुरावटी. याउलट बिवा हे तंतुवाद्य छेडीत हिंडणाऱ्या अंध गायकांचे तोंड मोकळे होते, आणि 'हेइके मोनोगातारी' ही युद्धकथा त्यांच्याच मुखातून लोकांपर्यंत पोचली.

वऱ्हाडात दारोदार ऐकू आलेली वाद्ये या दुसऱ्या जातीची आहेत. वासुदेवाच्या चिपळ्या, नाथजोग्याची किंगरी, गोंधळ्याचे संबळ-तुणतुणे यांपैकी एकही वाद्य वाणी अडवीत नाही. अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी १८७६ मध्ये जन्मलेले आणि अकोला जिल्ह्यातील मूर्तिजापूरजवळच्या दापुऱ्यात आजोळी वाढलेले गाडगेबाबा तर सारे कीर्तनच श्रोत्यांशी होणाऱ्या सवालजबाबांवर उभे करीत.

याच परंपरेत तुकडोजी महाराजांची खंजिरी येते. लाकडी कड्यावर एका बाजूने ताणलेले कातडे, कड्यात बसवलेल्या झांजा. एका हाताने धरायची, दुसऱ्याने वाजवायची. १९०९ मध्ये यावलीत जन्मलेल्या या भजनकाराने आयुष्यभर तिच्या तालावर शब्द रचले. ओवीबद्ध 'ग्रामगीता' घडली ती या सवयीतूनच, असे आम्हांला वाटते.

तुकडोजी १९३६ मध्ये गांधीजींच्या निमंत्रणावरून सेवाग्रामला (तेव्हाचे शेगाव) सुमारे महिनाभर राहिले. वर्ध्याच्या त्या परिसराला आणखी एका चर्मवाद्याची ओळख झालेली होती. निचिदात्सू फुजी हे जपानी भिक्खू १९३३ मध्ये वर्ध्यास येऊन गांधीजींना भेटले. त्यांच्या पंथाचे वाद्य म्हणजे उचिवा-दाइको: हातपंख्यासारखी मूठ, गोल कड्यावर ताणलेले कातडे आणि एक काठी. चालता चालता वाजवायचे आणि पद्मसूत्राला वंदन करणारा एकच मंत्र म्हणत राहायचे. तोंड इथेही मोकळे. मात्र शब्द ठरलेले. हा मंत्र आश्रमाच्या प्रार्थनेत सामावला गेला.

पुढे दोन्ही वाद्यांच्या वाट्याला एकच सरकार आले. डिसेंबर १९४१ मध्ये जपान युद्धात उतरताच आश्रमातील जपानी भिक्खूला पकडून नेण्यात आले. ऑगस्ट १९४२ मध्ये तुकडोजींना अटक होऊन नागपूर व रायपूरच्या तुरुंगात ठेवण्यात आले. भिक्खूला त्याचा देश भोवला, भजनकाराला त्याचे शब्द. भिक्खू गेल्यावरही आश्रमाने त्याचा मंत्र सोडला नाही. शत्रुराष्ट्राच्या भाषेतील प्रार्थना युद्धकाळात चालू ठेवण्यामागचे धैर्य आपण आज सहज विसरतो.

१९५५ मध्ये तुकडोजी विश्वधर्म परिषदेसाठी जपानला गेले आणि तिथे त्यांची खंजिरी वाजली. मराठी-हिंदी न कळणाऱ्या त्या श्रोत्यांपुढे तिच्याजवळ ताल, आवाज आणि आर्जव एवढेच उरले असणार. कोमुसोंच्या देशात वऱ्हाडचे हे बोलके वाद्य जवळजवळ निःशब्द झाले.

आमच्या वर्गांत नेमके उलटे घडते. तिथे तुकडोजींचे शब्द पोचतात आणि खंजिरी बाहेर राहते. मग ध्रुवपदाची पुनरावृत्ती विद्यार्थ्याला पाल्हाळ वाटते, ओळीचा तोल सैल वाटतो आणि 'प्रचारकी रचना' हा शेरा मारून पान उलटले जाते. ज्या ओळी हात वाजत असताना रचल्या गेल्या, त्यांचे मूल्यमापन केवळ डोळ्यांनी करणे अन्यायाचे आहे. लोकवाङ्मय शिकवताना कवीच्या नावासोबत त्याच्या वाद्याचे नावही फळ्यावर लिहावे, एवढी साधी सुरुवात आपल्याला करता येईल.