कौल : देवाचा, सरकारचा आणि लोकांचा

गोव्यात देवाला कौल लावायची रीत आजही आहे. मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवतात, पुजारी गाऱ्हाणे मांडतो आणि सगळे टक लावून बसतात. सर्वसाधारणपणे उजवी पाकळी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. पुढे काय होणार ते पाकळी सांगत नाही. ‘करू की नको’ हा घोळ मात्र तिथेच संपतो, आणि उद्या काम फसले तरी घरात एकमेकांना दोष देता येत नाही. माझ्या मते कौलाचा खरा उपयोग हाच.

गंमत म्हणजे हा शब्द देवळातला नव्हे. तो मूळ अरबी, अर्थ ‘वचन’. जुन्या महसुली कागदांत तो जागोजागी भेटतो. पडीक जमीन लागवडीला आणायची तर सुरुवातीची वर्षे झाडोरा काढण्यात आणि बांध घालण्यातच जायची. पहिल्याच वर्षी पूर्ण सारा भरायचा म्हटले तर कोण धजेल? म्हणून सरकार इस्ताव्याचा कौल देई. पहिल्या वर्षी नाममात्र सारा, मग दरसाल थोडा वाढवत ठरलेल्या मुदतीनंतर पूर्ण. पाऊस सरकारच्या हातात नव्हता, सारा होता. तेवढीच धास्ती कागदावर लिहून काढून टाकली. शिवाजी महाराजांनी १६७६ साली प्रभावळीच्या सुभेदाराला लिहिलेले पत्र याच जातीचे. रयतेला बैल आणि दाणागोटा द्या, वाढीदिढी न घेता मुद्दल तेवढे सवडीने उगवा, असा त्याचा मतलब. धोका एकट्या कुणब्याच्या डोक्यावर ठेवला, तर जमीन पडीकच राहते हे ओळखणारे हे राज्य होते.

आमच्याकडचा तिसरा कौल १६ जानेवारी १९६७ चा, जनमत कौल. विलीनीकरणाला फूल आणि केंद्रशासित प्रदेशाला दोन पाने अशी चिन्हे होती. महाराष्ट्रात जावे तर स्वतःची विधानसभा जाणार हे नक्की. वेगळे राहावे तर पुढे काय, ते कुणीच छातीठोकपणे सांगू शकत नव्हते. १,७२,१९१ मते दोन पानांना पडली, १,३८,१७० फुलाला. मराठी घरांत त्या निकालाची हळहळ पुष्कळ वर्षे राहिली. पण लगेच मार्चमध्ये निवडणूक झाली, तेव्हा याच लोकांनी विलीनीकरणवादी भाऊसाहेब बांदोडकरांनाच पुन्हा सत्तेवर बसवले. विधानसभा राखली आणि तिच्यात माणूसही आपलाच ठेवला. घटक राज्य व्हायला मग ३० मे १९८७ उजाडावा लागला.