समुद्राच्या पिकाची आणेवारी

आमच्या मराठवाड्यास समुद्र नाहीं. क्रांती चौकांतील माझ्या शेजाऱ्यांपैकीं पुष्कळांनीं तो आयुष्यांत एकदोनदांच पाहिला असेल. तथापि ज्या नैर्ऋत्य वाऱ्यांवर आमची जिरायती शेती अवलंबून आहे, तेच वारे अरबी समुद्रांतहि एक पीक उभें करतात. त्या पिकाची आणेवारी माणूस कसा करूं लागला, तें आज सांगावयाचें आहे.

हें पीक म्हणजे नुसत्या डोळ्यांस न दिसणाऱ्या, पाण्यांत तरंगणाऱ्या वनस्पति. पृथ्वीवरील एकंदर वनस्पतींच्या भारांत त्यांचा वांटा शेंकडा एकहि भरत नाहीं. पण १९९८ सालीं प्रसिद्ध झालेल्या अंदाजाप्रमाणें, सर्व वनस्पति मिळून दरसाल जो सुमारें १०५ अब्ज टन कार्बन बांधून ठेवतात, त्यापैकीं ४८ अब्ज टनांहून अधिक वांटा समुद्राचा आहे.

पूर्वी ही मोजणी जहाजावरून होई. डॅनिश शास्त्रज्ञ स्टीमान नीलसन यांनीं ‘गालाथिया’ जहाजाच्या १९५०–५२ च्या सफरींत नवी रीत वापरली. समुद्राचें पाणी बाटलींत घ्यावयाचें, त्यांत किरणोत्सर्गी कार्बन घालावयाचा, आणि कांहीं तासांनीं वनस्पतींनीं त्यांतला किती घेतला तें मोजावयाचें. रीत चोख, पण एक बाटली म्हणजे एका जागेचा एक दिवस! १९६६ सालीं स्थापन झालेल्या, व आज गोव्यांत दोनापावल येथें असलेल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनीं जहाजावरूनच मोलाचें काम केलें. मधुप्रताप व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९९६ सालीं दाखविलें कीं, हिंवाळी वाऱ्यांनीं वरचें पाणी गार व जड होऊन खालीं मिसळतें, खालचीं पोषक द्रव्यें वर येतात, आणि ईशान्य अरबी समुद्र हिरवा होतो.

समुद्राचा रंग टिपणारें पहिलें यंत्र १९७८ सालीं अमेरिकेच्या निंबस-७ उपग्रहावर चढलें. आपला ओशनसॅट-१ हा २६ मे १९९९ रोजीं श्रीहरिकोट्याहून सुटला. हरितद्रव्य निळा प्रकाश शोषून घेतें. म्हणून समुद्रांतून परतणाऱ्या प्रकाशांत हिरव्याच्या मानानें निळा किती घटला, यावरून त्याचें प्रमाण कळतें. त्यास सूर्यप्रकाशाची व पाण्याच्या उष्णमानाची जोड दिली कीं उत्पादनाचा अंदाज निघतो. ग्यानबाची मेख मात्र पुढेंच आहे. उपग्रहापर्यंत पोंचणाऱ्या प्रकाशाचा सुमारें नऊ-दशांश भाग हवेकडूनच येतो. तो वजा करतांना लहानशी चूक झाली, तरी समुद्राचा आंकडा पुष्कळ बिघडतो. शिवाय पावसाळ्यांत, म्हणजे पीक ऐन बहरांत असतांना, आकाश ढगांनीं झांकलेलें! तलाठ्यानें पाहणीस जावें आणि नेमकें शेतच दिसूं नये, तशांतली गत.

म्हणूनच जाणत्यांतहि मतभेद झाला. २००५ सालीं जोआकिम गोएस व सहकाऱ्यांनीं, १९९७ पासूनच्या उपग्रहनोंदींवरून, पश्चिम अरबी समुद्राची हिरवळ वाढत असल्याचें मांडलें. उत्तरेकडील बर्फ कमी झाल्यानें मोसमी वारे बळावले, हें त्यांचें कारण. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचे रॉक्सी मॅथ्यू कोल व सहकारी यांनीं २०१६ सालीं उलट दाखविलें: पश्चिम हिंदी महासागरांत सहा दशकांत शेंकडा वीसपर्यंत घट. तापलेलें वरचें पाणी हलकें होऊन झांकणासारखें बसतें व खालचें पोषण वर येऊं देत नाहीं. मला दुसरा निष्कर्ष अधिक पटतो. पांच-सात वर्षांच्या पावसावरून मराठवाड्यांतला कोणता शेतकरी पुढचें अनुमान बांधील?

वाद केवळ पंडितांचा नव्हे. तारली याच वनस्पतींवर पोसते, आणि हैदराबादचें महासागर माहिती केंद्र कोळ्यांना मासळीच्या संभाव्य जागा कळवितें, त्या हरितद्रव्याच्या व उष्णमानाच्या नकाशांवरूनच. ओशनसॅट-१ चें यंत्र आठ रंगपट्टे टिपी. नोव्हेंबर २०२२ मध्यें सोडलेल्या ओशनसॅट-३ चें तेरा टिपतें.