बांधावरची भुईआवळी आणि कावीळ



आज कोपरखैरण्यात सेक्टर आणि इमारती दिसतात. पण १९७० साली सिडको स्थापन झाली, जमिनी संपादित होऊ लागल्या, त्याआधी ठाणे खाडीकाठचा हा पट्टा आगरी-कोळ्यांच्या भातशेतीचा आणि मिठागरांचा. पावसाळा लागला की भाताच्या बांधावर भुईआवळी आपोआप उगवते. वीतभर रोप, पानांखाली ओळीनं बारीक फळं. डोळे पिवळे झाले की ती वाटून दुधा-ताकातून द्यायची, ही कोकणातली जुनी रीत.

रोगी बरे व्हायचे, हे खोटं नाही. पण कारण समजून घ्या. कावीळ हा रोग नव्हे, बहुधा यकृत बिघडल्याची ती खूण. दूषित पाण्यातून येणारी 'ए' आणि 'ई' विषाणूंची कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआपच उतरते. श्रेय मात्र पाल्याला मिळतं.

रक्तातून आणि आईकडून बाळाला होणारी 'बी' कावीळ वेगळी. ती वर्षानुवर्षं यकृत पोखरू शकते. तिचा विषाणू शोधणाऱ्या ब्लुमबर्ग यांना १९७६ साली नोबेल मिळालं. पुढं त्यांच्या सहभागानं मद्रासला भुईआवळीची परीक्षा झाली. १९८८ साली निकाल छापला गेला: भुईआवळी घेतलेल्या ३७ पैकी २२ जणांच्या रक्तातली विषाणूची खूण गेली; बिनऔषधी पूड घेतलेल्या २३ पैकी एकाचीच. मोठी आशा वाटली. पण इतरांनी प्रयोग केले, तेव्हा तसा गुण दिसला नाही. २०११ सालच्या आढाव्यातही खात्रीचा पुरावा मिळाला नाही.

दुसरी गोष्ट गुळवेलीची. २०२१ साली मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या सहा जणांच्या यकृताला इजा झाल्याचं नोंदवलं. आयुष मंत्रालयानं ते मान्य केलं नाही. सारखी दिसणारी दुसरी वेल असावी, असं म्हटलं. काहीही असो, ओळख चुकली तर औषधच बाधतं.

म्हणून डोळे पिवळे, लघवी गडद दिसली की आधी रक्त तपासून घ्या. कोणता पाला घेतला, ते डॉक्टरांपासून लपवू नका. रोगी बरळू लागला, गुंगीत गेला, तर तडक दवाखाना गाठा. गरोदर बाईच्या बाबतीत एक दिवसही थांबू नका. 'ई' कावीळ तिच्या जिवावर बेतते. पाणी उकळून प्या. बाळाला जन्मल्यापासून २४ तासांत 'बी'ची लस टोचून घ्या. सरकारी दवाखान्यात ती मोफत आहे.

बांधावरची भुईआवळी जरूर ओळखा, जपा. पण तिच्या भरवशावर तपासणी टाळू नका.